आता तू बस निवांत

पहिल्या बोनसमधून मी आजीसाठी खुर्ची घेतली. रिक्लायनर. बाजूचा दांडा ओढला की पाय वर आणि पाठ मागे. आजोबा गेल्यावर आजी कराडजवळचं आमचं गाव सोडून पुण्याला आली, तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पहाटे उठून अंगण झाडणं, हौदातून पाणी काढणं, चुलीपुढे उकिडवं बसून भाकऱ्या थापणं, संध्याकाळी म्हशीची धार काढणं, असा तिचा दिवस. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नव्हतं. तिने झाडू हातात घेतला की आई म्हणायची, "आई, राहू द्या, मावशी येतीलच आता." ती भाजी निवडायला खाली बसली की बाबा म्हणायचे, "वर बस की, गुडघे दुखतील." मी तर खुर्चीच आणून ठेवली. "आजी, खूप केलंस आयुष्यभर. आता तू बस निवांत."

ती बसली. "मला काय कामच ठिवलं न्हाई तुम्ही," असं दोन-चारदा म्हणाली. आम्ही हसलो. वर्षभरात तिला खुर्चीतून उठताना हात द्यावा लागायला लागला. मग बाथरूमपर्यंत जायला वॉकर आला. मग तोही नकोसा झाला. खुर्चीमुळे आजी गेली असं मी म्हणत नाही. वय होतं, शुगर होती. पण गावाकडे दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठणारी बाई आमच्या घरात, आमच्या डोळ्यांदेखत उठायचं विसरली, आणि आम्हाला वाटत होतं की आपण तिला सुखात ठेवतोय.

दोन वर्षांपूर्वी माझी कंबर धरली. रिलीजचा आठवडा होता, रोज बारा तास खुर्चीत. एका सकाळी दात घासायला वाकलो आणि सरळच होता येईना. आईने गादी घातली, हळदीचं दूध आणलं आणि "आठ दिवस हलायचं नाही" असं फर्मान काढलं. फिजिओथेरपिस्टने मात्र तपासून वेगळंच सांगितलं. "झोपून राहू नका. घरातली नेहमीची कामं करा. जिथे फार दुखेल तिथे थांबा, पण बाकीचं चालू ठेवा." मला ते थोडं क्रूरच वाटलं. दुखतंय म्हणून तर आलोय ना!

आमच्या कामात एखादी जुनी ओळ चुकीची वाटली तर ती लगेच पुसत नाहीत. ती कुणी लिहिली, कधी लिहिली आणि तेव्हा तिची काय गरज होती, हे आधी बघतात. "दुखतंय? मग पडून राहा" ही ओळ मी तशीच मागे मागे शोधत गेलो. तिचा इतिहास मला वाटला होता त्यापेक्षा बराच अलीकडचा निघाला.

अगदी जुन्या लोकांचं मत उलटंच होतं. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात म्हटलंय की, अवयव बेताने वापरले तर निरोगी राहतात, नुसते ठेवले तर आजारी पडतात. आपल्याकडे वाग्भटाने रोज व्यायाम करावा पण अर्ध्या ताकदीनेच करावा असं सांगून ठेवलंय. म्हणजे हालचाल हवी आणि ती बेताची हवी, हे दोन्हीकडे माहीत होतं. मग आराम हे औषध कधी झालं?

त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला जावं लागतं. तिथल्या गाईज हॉस्पिटलमध्ये जॉन हिल्टन नावाचा सर्जन होता. १८६० ते १८६२ या काळात त्याने रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये व्याख्यानं दिली आणि १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते 'रेस्ट अँड पेन' या नावाने ओळखलं गेलं आणि सर्जनांच्या पिढ्यांनी ते वाचलं. हिल्टन फार बारकाईने बघणारा माणूस होता. सांध्याला ज्या नसा पोचतात त्याच नसा तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्यावरच्या त्वचेलाही पोचतात, हे त्याने दाखवलं. म्हणून सांधा सुजला की आजूबाजूचे स्नायू आपोआप आवळतात, शरीर स्वतःच त्या सांध्याला बांधून ठेवतं. यावरून त्याचं म्हणणं असं की, वेदना म्हणजे शरीराने मागितलेली विश्रांती. ती द्या, बाकीचं निसर्ग करेल.

लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने हा विचार टोकाला नेला. त्याचं घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं. त्याचे वडीलही हाडवैद्य. हा मात्र रीतसर डॉक्टर झाला आणि त्याचा मंत्र एकच: सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती. सांधा पूर्ण स्थिर राहावा म्हणून त्याने लोखंडी पट्ट्या आणि कड्यांची उपकरणं बनवली.

या माणसांना आज मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते चूक होईल. त्या काळात दुखणारा गुडघा किंवा खुबा म्हणजे अनेकदा सांध्याचा क्षयरोग असायचा. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध यायला १९४० चं दशक उजाडायचं होतं. तोवर सांधा हलू न देणं हा हाताशी असलेला सर्वांत बरा उपाय होता. थॉमसची पायाची पट्टी पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांना बांधायला लागले आणि अनेकांचे जीव वाचले. म्हणजे ती ओळ लिहिली गेली तेव्हा तिला कारण होतं. पुढे क्षयाला औषध आलं, ओळ तशीच राहिली. क्षयाच्या सांध्यासाठी लिहिलेला उपाय लचकलेल्या कमरेला, झिजलेल्या गुडघ्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना, सरसकट सगळ्यांना लागू झाला.

विरोधी सूर तेव्हाही होते. १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट या नामांकित इंग्रज सर्जनने एक व्याख्यान दिलं. विषय होता, हाडवैद्य बऱ्या करतात अशा केसेस. त्याने आपल्याच मंडळींना ऐकवलं की, तुम्ही ज्यांना महिनोन्महिने बांधून ठेवता आणि त्यामुळेच ज्यांचे सांधे आखडतात, ते रुग्ण हाडवैद्याकडे जातात. तो सांधा जोरात हलवतो, कधी नुकसान करतो, पण कधी सांधा मोकळा होतो. तेव्हा त्यांच्याकडून घेण्यासारखं ते घ्या. पॅरिसमध्ये ज्यूस्त लुका-शाँपियोनिएर या सर्जनने तर मोडलेल्या हाडांनाही मसाज आणि हलकी हालचाल द्यायला सुरुवात केली आणि १८९५ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण वॉर्डातली शिस्त बदलली नाही. रुग्ण म्हणजे आडवा पडलेला माणूस, हे चित्र पक्कं होतं.

त्या चित्राला खरा ओरखडा पडला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. डिसेंबर १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रिचर्ड ॲशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरचा छोटासा लेख आला. मथळ्याचा अर्थ साधारण असा: अंथरुणाला खिळण्याचे धोके. ॲशरने अवयवागणिक यादीच दिली. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, मूतखडे होतात, पोट साफ होत नाही. आणि शेवटी माणसाला उठावंसंच वाटत नाही. लेख इतका चुरचुरीत आहे की आजही वाचताना हसू येतं. हसताहसता मला आमची हॉलमधली खुर्ची आठवली.

(या ॲशरसाहेबांची मुलगी म्हणजे जेन ॲशर. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी तिच्या प्रेमात होता आणि काही वर्षं त्यांच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरातच राहायचा.)

ॲशरकडे अनुभव होता, आकडे फारसे नव्हते. ते पुढे आले. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आलं. आधी आणि नंतर त्यांची दमछाक सोसण्याची ताकद, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते मोजलं. ती पाव भागाहून जास्त घसरली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाच जणांना शोधून पुन्हा मोजलं. तीस वर्षांच्या म्हातारपणाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी जास्त केलं होतं.

कमरेच्या बाबतीत निर्णायक प्रयोग १९८६ मधला. अमेरिकी डॉक्टर रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीचे २०३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. आमच्या भाषेत ए/बी टेस्ट. एका गटाला सांगितलं, दोन दिवस पडून राहा. दुसऱ्याला सांगितलं, सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. आणि बाकी बाबतीत? काही फरक नाही. जास्तीच्या पाच दिवसांनी कुणाचंही काही भलं केलं नव्हतं.

मला सगळ्यात आवडला तो १९९५ मधला फिनलंडचा प्रयोग. हेलसिंकी शहराच्या नोकरीतले १८६ कर्मचारी, सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली. तीन गट. पहिल्याला दोन दिवस अंथरूण. दुसऱ्याला कमरेचे ठरवून दिलेले व्यायाम. तिसऱ्याला एवढंच सांगितलं की, झेपेल तसं रोजचं आयुष्य चालू ठेवा. बारा आठवड्यांनी पाहिलं तर सगळ्यात लवकर बरे झालेले लोक तिसऱ्या गटातले होते. अंथरुणातले सगळ्यात मागे. गंमत म्हणजे व्यायामवालेही मागे पडले होते. दुखणं ताजं असताना कमरेला ना गादी हवी होती, ना कवायत. तिला हवं होतं उठणं-बसणं, भांडं उचलणं, दारापर्यंत जाऊन येणं. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला जे सांगितलं ते त्याच्या मनातलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

असं का व्हावं, याचं उत्तर सांध्याच्या बांधणीत आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचिक आवरण असतं, त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. बाकी शरीराला घरपोच रक्त मिळतं, कूर्चेला मिळत नाही. तिचं पोषण भोवतालच्या चिकट द्रवातून होतं. कूर्चा स्पंजसारखी असते. आपण उभे राहिलो की दाबली जाते, आतलं पाणी बाहेर येतं. भार हटला की ताजा द्रव आत शोषला जातो. म्हणजे आपण हललो तरच तिला जेवण. ताट वाढलेलंच आहे, पण खायचं तर उठावं लागणार.

टोरंटोच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट सॉल्टर या सर्जनने १९७० पासून सशांवर प्रयोग करून हे दाखवलं. कूर्चेला छोटी भोकं पाडलेल्या सशांपैकी काहींचे पाय प्लास्टरमध्ये ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळं सोडलं, काहींचे पाय यंत्राने सतत हळूहळू हलवत ठेवले. सतत हलणाऱ्या सांध्यांची कूर्चा सगळ्यात चांगली भरून आली. यातूनच माणसांचा गुडघा हलवणारं यंत्र बाजारात आलं. पण या गोष्टीला शेपूट आहे. गुडघे बदलण्याच्या ऑपरेशननंतर हे यंत्र लावून किती फायदा होतो, हे पुढे बऱ्याच अभ्यासांनी तपासलं आणि तो नगण्य निघाला. तुमचा पाय यंत्राने हलवणं आणि तुम्ही स्वतः उठून दोन पावलं टाकणं यात फरक आहे. दुसऱ्यात स्नायू काम करतो, तोल सांभाळावा लागतो, पाय जमिनीवर दाब देतो.

आणि स्नायूंचा हिशोब म्हातारपणी फार कडक असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या अकरा निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधलं सुमारे एक किलो स्नायूंचं वजन गेलं. दहा दिवस. आजी खुर्चीत होती, अंथरुणात नव्हती, हे खरं. पण तिला वर्ष मिळालं होतं. मांडीचा स्नायू कमी झाला की उठणं जड जातं, जड जातं म्हणून माणूस कमी उठतो, कमी उठतो म्हणून स्नायू आणखी कमी होतो. आमच्याकडे याला फीडबॅक लूप म्हणतात आणि तो वेळीच तोडला नाही तर सिस्टीम बसते. आमच्या घरात तो लूप आम्ही प्रेमाने चालू ठेवला होता.

इथे मी स्वतःला एक गोष्ट बजावतो. यावरून "जुन्या बायका कशा ठणठणीत असायच्या" असा निष्कर्ष काढायचा नाही. आजीचे गुडघे पुण्याला यायच्या आधीच झिजलेले होते, आणि ते कळशा, सरपणाचे भारे आणि गरोदरपणातही न सुटलेल्या कामाने झिजले होते. ऊस तोडणाऱ्या किंवा हमाली करणाऱ्या माणसाला "हालचाल करा" सांगणं हा विनोद आहे. त्यांना खरोखर विश्रांती हवी असते आणि तीच मिळत नाही. मोडलेलं हाड, सुजून लाल झालेला सांधा, कमरेबरोबर पायात आलेली बधिरता, यात आधी डॉक्टरच हवा. हिल्टन सगळाच चुकला नव्हता. घोळ प्रमाणाचा आहे. आजीच्या वाट्याला साठ वर्षं नको तेवढे कष्ट आले आणि मग एका दिवसात शून्य. मधली जी पायरी होती, अंगणभर झाडू, मांडीवर परात, देवासाठी चार फुलं, ती आम्ही काढून टाकली.

आणि ती का काढली, याचाही एक इतिहास आहे, डॉक्टरांच्या पुस्तकांबाहेरचा. आपल्याकडे बसून खाणं हे सुखाचं माप आहे. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला काम करावं लागतं त्या घराला लोक नावं ठेवतात. आजी झाडू मारताना शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील, हे बाबांच्या मनात होतंच. ज्या बाईला आयुष्यात कुणी "बस" म्हटलं नाही, तिला ते म्हणायची संधी आम्हाला मिळाली होती, आणि ती आम्ही मनापासून घेतली. लंडनच्या सर्जनांची ओळ आणि कराडकडची माया, दोन्ही एकाच खुर्चीत येऊन बसल्या.

माझी कंबर पंधरा दिवसांत सुटली. आता दर तासाला मी उठतो, पाणी प्यायला छोटा ग्लास ठेवतो म्हणजे परत परत जावं लागतं, फोन आला की गॅलरीत फेऱ्या मारतो. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच बरं आहे.

गेल्या वर्षी आई निवृत्त झाली. तिचे गुडघे कुरकुरतात. बाबा पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "खूप केलंस, आता आराम कर," आणि नजर त्या खुर्चीकडे गेली. ती अजून हॉलमध्येच आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. आईने काही म्हटलं नाही. संध्याकाळी ती कुंड्यांना पाणी घालायला निघाली. बादली उचलताना तिने गुडघ्यावर हात ठेवला, ते मी पाहिलं. "दे इकडे, मी घालतो," हे शब्द तोंडात आले होते. मी बादली घेतली, नळाखाली नेली, अर्धं पाणी ओतून टाकलं आणि तिच्या हातात परत दिली.

"अशाने चार खेपा होतील की रे," आई म्हणाली.

"होऊ देत," मी म्हटलं.